कुंडीतलं झाड आणि डब्यातलं दगडफूल

रोडपाली, रविवार, संध्याकाळ

सुनेला, सुजाताला, उरणहून स्थळ आलंय. माझा लेक गेला, आता पोरीनं किती वर्षं माझंच तोंड बघायचं? तर म्हणते, "आई, त्यांनी आणलेल्या झाडाला पाणी कोण घालील?"

ते माझ्या लेकानं आणलेलं कुंडीतलं ख्रिसमसचं झाड! कितीही लाड करा, खालच्या फांद्या वाळतातच, आणि वाळलेली परत फुटत नाय.

म्हटलं, "माझं दगडफूल बघ. वर्षभर डब्यात कोरडं पडून असतं, पण तेलात टाकलं की घमघमतं. कुणी पाणी घालतं त्याला?"

"तुमी पण तसल्याच," म्हणाली आणि रडायला लागली.

हिला काळजी झाडाची की माझी? झाडाचीच असेल. तरी माझा जीव थाऱ्यावर नाय.

पाहुण्यांना उद्या सकाळीच या म्हणून कळवते. नायतर मीच तिला जाऊ नको म्हणेन.