आटलेली लाळ आणि बैरंग पत्र

कोल्हापूर,
ता. १८ डिसेंबर १९९७

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,

शरणु शरणार्थी. (हा नमस्कार धाकट्या भावाचा. जावयानं सासूला वाकायचं का न्हाई ते तूच ठरव. पोटची पोरगी सख्ख्या भावाला द्यायच्या आपल्या रीतीनं तुला एकाच माणसाला ओवाळावं बी लागतं आणि त्याचा मान बी ठेवावा लागतो, त्याला मी काय करू?) दाजींचा गुडघा कसा हाय? आजऱ्यात थंडी असंल. तुझी लेक दानेश्वरी बरी असणारच, माहेरी तुझ्या हातचं खातीया.

मागचं पत्र तू न घेता परत धाडलंस. जावयानं बिनतिकिटाचं बैरंग पत्र पाठवलं, असा बोभाटा झाल्याचं कानावर आलं. आक्का, तिकीट लावलतं गं. जिभेवर फिरवून लावलतं. पण जीभच कोरडी ठाक, ते चिकटणार कशानं? गळालं वाटेत. आता सगळं परत लिहितो, आणि तू शेवटपर्यंत वाचायचंस.

गुळाच्या हंगामात माझी काय गत असते तुला ठावं हाय. मार्केट यार्डात सौदा सुरू झाला की ह्या ढिगावरनं त्या ढिगावर बोली पुकारत फिरायचं. पाण्याचा घोट न्हाई, नुसता चहावर चहा. (पुकारणारा थांबलेला अडत्याला चालत न्हाई.) दिवाळीनंतर कागलकडचे पिराजी म्हणून एक शेतकरी, माणूस देवासारखा, मला म्हणाले, “पावणं, तेवढं तिकडं तोंड करून वरडा की.” मला वाटलं त्यांच्या कानाला त्रास व्हतोय. बघतो तर टॉवेल नाकाला! भर सौद्यात माझं पाणी पाणी झालं. (तोंड सोडून सगळीकडं.)

घरी आलो ते ठरवूनच. हा तोंडाचा वास दानेश्वरीला येऊ द्यायचा न्हाई म्हणजे न्हाई. बोलणं बंद. जेवताना भिंतीकडं तोंड, अर्ध्या भाकरीवर उठायचं. वर मेडिकलमधनं जळजळीत स्पिरिटचं औषध आणून दिवसातनं सहा गुळण्या. जेवढ्या गुळण्या जास्त तेवढा वास जास्त! ती बिचारी आठ दिवस विचारत व्हती, माझं काय चुकलं म्हणून. मी तोंडावर हात धरून नुसती मान हलवायचो. नवव्या दिवशी पिशवी भरून ती तुझ्याकडं आली. तिला वाटलं मी रुसलोय. आणि तिला थांबवायला बी मी गाढवानं तोंड उघडलं न्हाई.

शेवटी राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरीणबाई राजनंदिनी यांच्याकडं गेलो. सगळं ऐकून आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, दात ठीक आहेत, लाळ आटलीय. दिवसभर तोंड धुवायचं काम लाळच करते. ती आटली की जंतू माजतात, वास सुटतो, पुढं दात बी किडतात. उरलीसुरली लाळ त्या स्पिरिटनं वाळवली. चावून खाल्लं, चार शब्द बोललं की लाळ सुटते, आणि मी नेमकं तेच बंद केलतं. म्हणजे गटारीचं पाणी तोडायचं आणि कडंनं अत्तर शिंपडायचं.

आता मागं हटणार न्हाई. स्पिरिटची बाटली फेकली. सौद्यात तांब्या घेऊन उभा राहतो. ‘एक वार, दोन वार’ म्हणून घोट घेतो. अडत्या पेटलाच व्हता, पण तेवढ्या वेळात एखादा व्यापारी भाव चढवतो, म्हणून शेतकरीच म्हणत्यात, “दमानं प्या, घाई न्हाई.” भाकरी पुरी चावून खातो. राहिलं बोलणं. ते कुणाशी बोलू? भांड्यांच्या मांडणीशी बोलून कितीशी लाळ सुटणार? घर खायला उठतंय, आक्का.

दाजींच्या गुडघ्याला शेक दे, आणि माझ्यावरचा राग जरा कमी कर.

तुझा भाऊ (आणि मर्जी असंल तर जावई),
गुरुसिद्ध

ता.क. – मी रुसलो नव्हतो. एवढीच ओळ तिला वाचून दाखव. पिराजींचं सांगू नको.

ता.क. दुसरा – रविवारी पहिल्या एस.टी.नं न्यायला येतोय. उंबऱ्यातच आधी तू माझ्या तोंडाचा वास घे. लहानपणापासनं माझ्या तोंडावर खरं बोलणारी तू एकटीच. वास आला तर चहा बी न घेता माघारी जातो.

ता.क. तिसरा – तिकीट आणि लिफाफा, दोन्ही जिभेनंच चिकटवलंय. डिंकाला हात लावला न्हाई. फोडताना किती जोर लागला, ते तिला खरं खरं सांग.