माडीवरच्या दोन खोल्या, बिनअटीच्या

बिस्मिल्लाह. मी, शिवणकामावर पोट भरलेली विधवा, डोकं ठिकाणावर असताना आणि धाकटा मुलगा शेजारी बसून कुरकुरत असताना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून देते.

१. माझ्या मिळकतीच्या तीन हिश्श्यांपैकी दोन शरियतप्रमाणे वारसाचे, म्हणजे धाकट्याचे. खालचं दुकान आणि बँकेतली ठेव त्याची. त्यात माझी ढवळाढवळ नाही.

२. थोरला माझ्याआधी गेला, त्यामुळे त्याच्या मुलीला वारसाहक्काने काहीच मिळत नाही. म्हणून शरियतने माझ्या मर्जीवर सोडलेल्या तिसऱ्या हिश्श्यातून माडीवरच्या दोन खोल्या व शिवणयंत्र मी या नातीला देते.

३. धाकटा म्हणाला, "अम्मी, अट घाल. पाच वेळा नमाज पढेल तरच खोल्या." नातीला विचारलं. ती म्हणाली, "दादी, सध्या नाही पढत मी. खोल्यांसाठी खोटं नाही बोलणार." धाकट्याने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, नुसतं हो म्हण की! कोण बघायला येतंय?"

वा रे वा! म्हणजे तुला तिची नमाज नको, नुसता होकार हवा.

४. ती पढत नाही याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. पण माझ्या सासूबाई नमाजेची वेळ झाली की मला माडीवर पाठवून बाहेरून कडी लावायच्या. आत मी मस्त डुलकी काढायचे आणि "झाली" म्हणून खाली यायचे. मनापासून पढायला लागले ती त्या गेल्यावर, विचारणारं कोणी उरलं नाही तेव्हा.

५. अल्लाहने माणसाला नाही म्हणायची मोकळीक दिली, म्हणून तर त्याच्या हो म्हणण्याला मोल. ती मोकळीक काढून घेणारी मी कोण? अट घातली तर पोर सज्दा त्याला करेल की माझ्या खोल्यांना? धाकट्या, मोकळीक दिली की पोरी बिघडतात म्हणतोस. घर हातचं जात असताना ही खरं बोलली. सबब, अट नाही.

६. माझी जानमाज, म्हणजे नमाजेची चटई, खुंटीवर राहील. त्यावरून तिला कोणी टोमणे मारू नयेत.

७. मोठी कात्री समोरच्या शिंप्याला देऊ नये. त्याने त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता.

८. माडीची बाहेरची कडी आज सुताराकडून काढून घेतली.

९. धाकट्याच्या संमतीची कायद्याने गरज नाही. तरी खाली जागा सोडली आहे. मनातून वाटलं तरच सही करावी. मी आग्रह करणार नाही.

ठिकाण: माझी शिवणाची खोली
दिनांक: आज, जुम्म्याची दुपार
लिहून देणार: सही

साक्षीदार:
समोरचा शिंपी (कलम सात वाचून रुसला, तरी सही केली)
कडी काढणारा सुतार: सही

धाकटा मुलगा: ____________