रविवारी तुला बघायला येणार

चिनहट, लखनौ

प्रिय मुक्ता,

तुझ्यासाठी स्थळ आलंय. हसू नकोस. शेजारच्या चंद्रप्रभा शुक्ला भाभींनी आणलंय, त्यांच्या नणंदेचा मुलगा, नाव विष्णू, बँकेत आहे. रविवारी संध्याकाळी ती मंडळी तुला बघायला आपल्या घरी येणार. मी हो-नाही म्हणायच्या आत भाभींनी मिठाईसुद्धा सांगून टाकली. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे एव्हाना सगळ्या कॉलनीला कळलंय. इस्त्रीवाला भैयासुद्धा सकाळी मुबारक हो म्हणून गेला. आता मी काय करू, सांग. नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि खरं कारण दिलं तर तू या कॉलनीतून कायमची जाशील. एरवी मी तुझ्याशी तोंडीच बोलते, पण या गोष्टी मोठ्यानं बोलायची सोय नाही. मधली भिंत पातळ आहे आणि भाभींचे कान लांब.

सगळं झालं ते माझ्या मराठीपायी. दिवसभर विद्यापीठात हिंदी आणि इंग्रजी बोलून घरी आलं की मराठीत चार शब्द बोलल्याशिवाय मला घास जात नाही. मग मी भाजी निवडता निवडता तुझ्याशी बोलायचे. वांगी काय महाग झालीत, नवे विभागप्रमुख कसले शिष्ट आहेत, तू असतीस तर त्यांची कशी हुबेहूब नक्कल केली असतीस. एकदा जिन्यात भाभींनी विचारलं, बेटी का फोन था? मी म्हटलं, हाँ. बस, एवढंच! त्यात माझं काय चुकलं गं? पण त्या एका हाँला पाय फुटले. नाव काय, तर मुक्ता. असते कुठे, तर पुण्याला मावशीकडे. तेव्हापासून इथं मला कुणी पद्मिनी म्हणत नाही की प्रोफेसर म्हणत नाही. दूधवाल्यापासून कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत सगळ्यांसाठी मी ‘मुक्ता की मम्मी’. पहिल्यांदा ती हाक कानावर आली तेव्हा घरी येऊन दार लावलं, पोटभर रडले आणि मग तुपातला शिरा केला.

इथवर ठीक होतं. पुढे लोकांना तू दिसायला लागलीस. दूधवाल्यानं एकदा अर्धा लिटर दूध जास्त घातलं, म्हणाला, बिटिया ने बोला है. मी त्याला वेड्यात काढलं, पण दूध घेतलं. मग भाभी म्हणाल्या, मुक्ता कब आई, छत पर बाल सुखा रही थी, बिल्कुल पापा पर गई है. तुझ्या बाबाचा फोटो त्यांनी आपल्या हॉलमध्ये पाहिलाय ना. मी तशीच धापा टाकत गच्चीवर गेले. गच्चीत चिटपाखरू नव्हतं. दोरीवर माझी निळी ओढणी वाळत होती, अजून पाणी टपकत होतं. त्या दिवशी मी धुणं धुतलंच नव्हतं.

घाबरले का? हो, घाबरले. पण खरं सांगू, त्याहून जास्त मला तुझा राग आला.

या आठवड्यात वर्गात लोकसंख्येचा मनोरा शिकवत होते. दरवर्षीच शिकवते. खाली बाळं, वर म्हातारी, एकेका वयाची एकेक पट्टी. पडद्यावर रशियाचा मनोरा लावला की त्यात खोल खाचा दिसतात. दुसऱ्या महायुद्धात पुरुष गेले, गावंच्या गावं बायकांवर आली. नांगर त्यांनी धरले, कारखाने त्यांनी चालवले आणि कितीतरी पोरी लग्नावाचून म्हाताऱ्या झाल्या. ते सगळं पुस्तकात असतं. पण खाच तिथंच थांबत नाही. जी मुलं झालीच नाहीत, त्यांना पुढे मुलं कुठून होणार? म्हणून पंचवीसेक वर्षांनी ती खाच पुन्हा उमटते, आणि आणखी तितक्या वर्षांनी पुन्हा. मेलेल्यांची नावं दगडावर कोरतात. न झालेल्यांना नावच नसतं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या येत राहतात. सुरुची नावाची चुणचुणीत मुलगी आहे वर्गात, तिनं विचारलं, मॅम, इंडिया के पिरॅमिड में कारगिल कहाँ दिखता है? मी म्हटलं, कहीं नहीं. एवढ्या मोठ्या देशाला तेवढ्यानं ओरखडाही उठत नाही. बोलले खरी, पण उरलेला तास मला घेता येईना. मुलांना लवकर सोडून दिलं.

तुझं नाव तुझ्या बाबानं, अभिरामनंच ठेवलं. शेवटच्या सुट्टीत साताऱ्याला आला होता, तेव्हा म्हणाला, मुलगी झाली तर मुक्ता, मुलगा झाला तर तुझं तू बघ. मेमध्ये वर कारगिलला गेला. जूनमध्ये त्याला तिरंग्यात गुंडाळून आणलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि तू पोटातसुद्धा नव्हतीस. सासूबाई महिनाभर माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होत्या. मग त्यांनीही बघणं सोडलं. घरच्यांनी दुसरं लग्न सुचवलं तेव्हा मी मिळेल ती नोकरी धरून इतक्या लांब निघून आले. दर जुलैत मला मंचावर बसवतात, शाल-नारळ देतात, वीरपत्नी म्हणतात. नारळाची मी चटणी करते, शाली वाटून टाकते. तू जन्माला आलीच नाहीस, त्याबद्दल मला आजवर कुणी चकार शब्दानं विचारलं नाही. कसं विचारतील म्हणा.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. स्थळाला मी नाहीच म्हणणार आहे. आईच्या हाताला एकदाही न लागलेली लेक परक्या घरी कोण धाडेल? पण रविवारी त्यांना येऊ देणार. साऱ्या गावाला तू दिसतेस गं, एक मलाच दिसत नाहीस. अभिरामचा चेहराही आता फोटोपलीकडे आठवत नाही मला, आणि तू म्हणे अगदी त्याच्यावर गेली आहेस. माझ्यासाठी एवढं कर, रविवारी ये. मी पोहे करीन, चहा करीन, आणि समोर बसून नुसती पाहुण्यांच्या डोळ्यांकडे बघत राहीन. मुलगी बघायला आलेली माणसं दुसरीकडे कुठेच बघत नाहीत. ती जिथं बघतील, तिथं तू बसलेली असशील. तेवढं कळलं की मी हात पुढे करीन. तू हलू नकोस.

तुझीच,
आई