अश्विनला न आठवणारी सहा वर्षं

४ सप्टेंबर
सकाळी रूपालीचा फोन! माझ्या भावाची बायको, पाच वर्षांत पहिल्यांदाच बोलली. "ताई, यायले फीट आली. तीन दिवसांपासून ताप, काहीबाही बडबडून राह्यले. हिंगणघाटहून वर्ध्याले आणलं." सेलूहून निघाले. नवऱ्याला, चंदनला, नुसतं सांगितलं — अश्विन आजारी आहे.

५ सप्टेंबर
पाठीतलं पाणी तपासलं. मेंदूत विषाणू शिरलाय — ओठावर फोड आणतो, तोच! डॉक्टर म्हणाले, रक्त आणि मेंदू यांच्यात राखण करणारा पडदा असतो. विषाणूशी लढताना आलेल्या सुजेने तोच सैल पडलाय. रक्तातलं नको ते आत झिरपतंय, सूज वाढतेय. रूपालीने विचारलं, "पयल्यासारखे होतीन नं?"
"आधी जीव वाचू द्या."

८ सप्टेंबर
शुद्ध नाही. दर आठ तासांनी इंजेक्शन.

११ सप्टेंबर
डोळे उघडले! "मेघाताई, तू कव्हा आली?" — आणि हसला. मी समाजाबाहेर लग्न केलं म्हणून "तू आमच्यासाठी मेली" म्हणणारा तो हाच. रूपाली खाली मान घालून बसली.

१२ सप्टेंबर
गेली सहा वर्षं त्याला आठवतच नाहीत. आठवणी जिथे राहतात तिथेच सूज जास्त होती म्हणे. काही परत येईल, काही नाही.
चंदन डबा घेऊन आला. अश्विन म्हणाला, "बसा नं भाऊ." कोण आहे हे विचारलंही नाही. चंदन बसला.

१६ सप्टेंबर
"बाबा काऊन नाई आले?" रोज विचारतो. रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेते.
बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मेघाला कळवायचं नाही, असं अश्विननेच सगळ्यांना बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी सेलूच्या बाजारात माहेरच्या गावचे तानबाकाका भेटले, तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मनात ठरवलं होतं — समोर आला की विचारीन. काऊन केलं असं? आता कोणाला विचारू? त्याला तर त्यातलं काहीच माहीत नाही!

१९ सप्टेंबर
रूपाली म्हणाली, "ताई, खरं तुमीच सांगा. माह्यानं नाई होत."

२१ सप्टेंबर
बाबा गेल्याचं सांगितलं. माझा हात धरून लहान पोरासारखा रडला. मग म्हणाला, "ताई, शेवटी तू त्यायच्यापाशी होती नं?"
रूपाली उठून खिडकीशी गेली.
"होती," म्हटलं.