धनश्रीच्या नावाचा रिपोर्ट

६ जानेवारी, सोमवार
आजपासून शिरूरच्या हृदयाच्या इको सेंटरात कामाला! कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून आबा माझ्याशी बोलत नव्हते, आज स्वतः गाडीवर सोडायला आले. म्हणाले, बिरदेवा, हितं तरी कुणाच्या कानफटात मारू नको. डॉक्टर करुणा मॅडम कडक, पण मनानं चांगल्या. पेशंटला डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला जेल लावून बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवतात, की स्क्रीनवर काळंपांढरं हृदय हलायला लागतं. त्या आकडे सांगतात, मी टाइप करतो. प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडतं ते बघायचं; साठच्या आसपास असलं की झालं. झडपा तर दारासारख्या उघडझाप करतात. मी नुसता बघतच राहिलो. हे धनश्रीला सांगायला पाहिजे होतं. पण तिनं माझा नंबर ब्लॉक केलाय.

१६ जानेवारी, गुरुवार
आज धनश्रीच आली! वडगाव रासाईहून, आईबरोबर. सुपारी फुटली त्या दिवशी तिला चक्कर आली, म्हणून दौंडच्या मुलाकडच्यांनी हृदयाचा रिपोर्ट मागितलाय. तिची आई ताईबाई मला बघून म्हणाल्या, व्हय रं, लोकांची काळजं मोजायला बसलास का आता? धनश्रीनं वर बघितलंसुद्धा नाही. तिचं हृदय ठणठणीत. झडप पाकळीसारखी उघडत होती. बासष्ट टक्के.
तिच्या आधी केंदूरच्या रंगुबाई होत्या. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यात झडप खराब झाली. आता आखडलेली आणि गळतेय. चार पावलं टाकली की दम. पंचवीस टक्के.
मॅडम जेवायला गेल्या. सही करून ठेवलेले कोरे कागद ड्रॉवरमधे होते. माझं डोकं फिरलं. रंगुबाईंचे आकडे धनश्रीच्या नावावर टाकले, धनश्रीचे रंगुबाईंच्या. मोडू दे लग्न. मग सांगू खरं. रंगुबाईंनाही फोन करू.

२० जानेवारी
मोडलं! दौंडकरांचा नकार आला. दोन प्लेट भेळ खाल्ली.
मग रंगुबाईंना फोन केला, तुमचा रिपोर्ट चुकलाय म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, चुकला असंल तर चुकू दे बाबा, मला दमच लागंना झालाय, काल मळ्यापातूर चालत गेले.
मनाचं समाधान असेल. दुसरं काय?

२३ जानेवारी
रंगुबाईंना बोलावून घेतलं. परत इको. झडप स्वच्छ. बासष्ट टक्के. मॅडम मलाच विचारायला लागल्या, मागच्या वेळी झोपवली होतीस ती बाई हीच होती ना?
मशीनमधली धनश्रीची क्लिप काढली. माझ्या डोळ्यांनी बघितली होती ती पाकळी उघडताना. आता ती —
जेमतेम फट. बाकी सगळं आखडलेलं.

२४ जानेवारी
तीनदा टाइप केलं. धनश्री, बासष्ट. प्रिंट पंचवीसचीच.
माझं नाव टाकलं. पंचवीस टाकले. मला होऊ दे. कागद कोरा आला.
मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, रजा घे, झोप काढ.
वडगावला गेलो. ताईबाईंच्या पाया पडून सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, लबाडी व्हती म्हंतोस, मग पोरीचे व्हट निळे का पडले?

२५ जानेवारी
तिला जिना चढवत नाही. पायांना सूज. रंगुबाईंनी कामाला जायला सुरुवात केली म्हणे, खुरपणीला.
मी केलं. मीच —

२७ जानेवारी, दुपार
धनश्रीला आणलंय. पुण्याला न्यायच्या आधी एकदा बघू, म्हणाल्या मॅडम. कुशीवर वळवताना तिनं माझं मनगट धरलं. विचारलं, काय केलंस रे तू माझं? बोटं बर्फासारखी.
वीस. मॅडम म्हणाल्या वीस. मग अठरा.
टाइप कर म्हणून ओरडतायत. टाइप केलं की होतं. मी करणार नाही. म्हणून ही वही काढली, दोन्ही हात हिच्यात अडकवलेत, लिहीत राहिलो की —
ताईबाई रडतायत.
कीबोर्डवर कुणाचा हात नाही. अक्षरं येतायत. नाव धनश्री. वय एकवीस. ठोके —