दुपट्याचे एकशे ऐंशी ग्रॅम

मी, या दुमजली घराची मालकीण, वय वर्षे अडुसष्ट, तळमजल्यावरच्या बालदवाखान्यात गेली छत्तीस वर्षे मुलांचे वजन करणारी, जिला आसपासच्या चार गल्ल्या काटामावशी म्हणून ओळखतात, आज हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की काही लोकांना तिचा त्रास होतो. मला कोणी धाक दाखवलेला नाही. लाडीगोडी मात्र भाच्याने बरीच लावली, तिचा उल्लेख कलम दोनमध्ये येईल.

लिहिण्याची कारणे दोन. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "काही होणार नाही मावशी, अजिबात काळजी करू नका." हे वाक्य मी छत्तीस वर्षे सुई टोचण्याच्या आधी ऐकत आले आहे. म्हणून लगेच लिहायला बसले.

दुसरे कारण असे की, आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात पाच महिन्यांच्या एका बाळाला सांगितले, "बाळा, तुझ्या मावशीला काही झालं तर ही जागा जाणार जिमला. मग मी दवाखाना बंद करून घरी बसणार हां." बाळाने हुंकार दिला. मी शेजारी कार्ड लिहीत होते. हे मलाच ऐकवले होते, पण बाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. मीही त्यांच्याशी बोलत नाही. एकोणीस वर्षे झाली. ते कलम चारमध्ये. दवाखाना बंद पडू नये, हाच या कागदाचा हेतू आहे. बाकीची कलमे त्याच्या आजूबाजूला बसवली आहेत.

कलम १. घराविषयी.
हे घर माझ्या नवऱ्याने बांधले. तो सुतार होता. मुले होतील, खेळतील, म्हणून त्याने खाली मोठी खोली ठेवली आणि मूल व्हायच्या आधीच लाकडी घोडा करून ठेवला. मूल झाले नाही. मग तोही गेला. खोलीत मी आणि घोडा. अशात एके सकाळी नुकत्याच शिकून आलेल्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या.
"जागा भाड्याने मिळेल का? पण मुलं फार रडतील, आधीच सांगते."
मी म्हटले, "रडू द्या."
पहिल्याच दिवशी एका मुलाला धरायला माणूस नव्हता, म्हणून मी धरला. तो माझ्या अंगावर ओकला. त्यानंतर मी वर जाऊन स्वयंपाक करण्यापुरतीच घरी असते.

कलम २. भाच्याविषयी.
माझ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, वय एकवीस, अंगापिंडाने भक्कम. तो गेले वर्षभर माझे पाय दाबतो आहे. त्याचा हेतू असा:
"मावशी, खालची जागा दे ना. जिम टाकतो. लोकांची तब्येत सुधारेल."
"मग खाली छत्तीस वर्षं काय चाललंय?"
"ते लहान मुलांचं गं."
"मोठी माणसं कुठून येतात, तुला काय वाटतं?"
यावर त्याने पाय दाबणे थांबवले होते. पोरगा मनाने वाईट नाही. म्हणून वरचा मजला आणि गच्ची मी त्याला देत आहे. गच्चीवर त्याने खुशाल जिम टाकावी. अट एकच: सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात वजने जमिनीवर आपटू नयेत, उचलली तर हातात धरून उभे राहावे. आणि त्याच्या त्या पावडरीच्या बाटल्या लशींच्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. मागे एक ठेवली होती. ती मी कुंडीत ओतली. झाड मेले.

कलम ३. तळमजल्याविषयी.
तळमजल्याच्या दोन्ही खोल्या, बाहेरचे बाक, न्हाणीघर आणि समोरची फरशी मी धाकट्या डॉक्टरीणबाईंना देत आहे. त्या आमच्याच दवाखान्यातले बाळ, आता स्वतः मुलांच्या डॉक्टर. एकतीस वर्षांपूर्वी त्यांचे पहिले वजन मीच केले: दोन किलो नऊशे. दुसऱ्या वजनाच्या वेळी त्यांनी माझ्या मनगटावर शू केली, आणि गेल्या वर्षी त्याच मनगटाची नाडी पाहून "मावशी, हे ठीक नाही" असे म्हणाल्या. त्यांना मी विचारले आहे. "जागा असेल तर मी येते, पण मोठ्या बाई बसणार असतील तरच. मला अजून बाळाच्या रडण्यातलं सगळं कळत नाही," असे त्यांचे म्हणणे. म्हणजे त्यांना जागा हवी, आणि त्यांच्या जोडीला बाई हव्यात. जागा देणे माझ्या हातात आहे, ती दिली. बाईंचे कलम सातमध्ये.
जोपर्यंत तिथे लहान मुलांचा दवाखाना चालेल तोपर्यंत जागा त्यांची. दवाखाना बंद केला तर भाच्याची. त्यामुळे भाचा रोज खाली डोकावून पाहील आणि दवाखाना वेळेवर उघडेल, असा माझा अंदाज आहे.
बँकेतली माझी ठेव फ्रिजच्या विजेसाठी आणि वीज गेली तर लागणाऱ्या बॅटरीसाठी वापरावी. लशी गरम होता कामा नयेत. माणसे झाली तरी चालतील.

कलम ४. वजनकाट्याविषयी.
हे कलम लांब आहे. वकील म्हणाले, याची गरज नाही. मी म्हटले, याच्याचसाठी तर कागद घेतला.
साडेएकवीस वर्षांपूर्वी दवाखान्यात नवा काटा आला. त्याचे तबक पत्र्याचे, थंडगार. उघडे बाळ त्यावर ठेवले की ते असे काही किंचाळे की बाहेरच्या बाकावरची मुले आतली पाळी यायच्या आधीच रडायला लागत. म्हणून मी तबकात एक दुपटे घडी करून घातले. मऊ, निळ्या काठाचे. त्याचे वजन एकशे ऐंशी ग्रॅम. काट्यावर जो आकडा येई त्यातून मी एकशे ऐंशी वजा करी आणि कार्डावर लिही. कार्ड आत जाई. आत बाई कार्डावरच्या आकड्यातून पुन्हा एकशे ऐंशी वजा करत.
मला वजाबाकी येत नाही अशी त्यांची समजूत. त्यांच्या ती लक्षात राहत नाही अशी माझी समजूत. कारण त्या डोक्यावरचा चष्मा टेबलाखाली शोधतात. अडीच वर्षे आम्ही दोघी एकमेकींची चूक अशी गुपचूप सांभाळून घेत होतो. आणि या अडीच वर्षांत आमच्या भागातले एकही बाळ बाईंना पुरेसे भरले नाही. "थोडं कमी पडतंय हो, दूध वाढवा, वरण वाढवा." आयांनी वाढवले. आज्यांनी तर संधीच साधली. त्या तुकडीतली मुले शाळेत गेली तेव्हा पहिलीच्या वर्गात एका बाकावर तिघांऐवजी दोघे बसू लागले, आणि रस्सीखेचीत ती तुकडी शेवटपर्यंत हरली नाही. माझा भाचा त्यातलाच. तो आज घाम गाळून जे उतरवतो आहे, त्यातले काही आमच्या दोघींचे आहे. त्याची मी इथे माफी मागते.
चूक पकडली कोपऱ्यावरच्या वाण्याने. त्याने नातवाला दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिले आणि तरातरा दवाखान्यात आला. सगळ्या आयांसमोर म्हणाला, "माझ्या काट्यावर माल कमी भरतो असं आजवर लोक म्हणत आले. पण माझा नातू माझ्याकडे जास्त भरतो आणि तुमच्याकडे कमी, हा काय प्रकार?"
बाई बाहेर आल्या. "दुपटं तर मी वजा करत होते!"
मी म्हटले, "मग मी काय करत होते?"
"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, तुम्ही फक्त काटा वाचा, वजाबाकी मी करीन?"
"मला कोणी काही सांगितलं नाही!"
बाकावरच्या आया एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. त्या दिवसापासून आम्ही बाळांमार्फत बोलतो. "बाळा, मावशीला विचार, ताप मोजला का?" "बाळा, सांग बाईंना, एकशे एक." "बाळा, मावशीला म्हणावं, चहा गार होतोय." बाळांना हा खेळ वाटतो. माझ्या हृदयाचे दुखणेसुद्धा बाईंनी एका तीन आठवड्यांच्या मुलीला सांगितले. "बाळा, तुझी मावशी जिना चढून आली की धापा टाकते. मला आवडत नाही ते. धाकट्या डॉक्टरला नाडी दाखव म्हणावं." मी दाखवली.
कोणत्याही मुलाला अपाय झाला नाही, हेही नोंदवून ठेवते. त्या भांडणानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी कपाट उघडून त्या अडीच वर्षांचे प्रत्येक कार्ड तपासायला घेतले. पाहते तर कार्डे आधीच कोणीतरी तारीखवार लावली होती आणि प्रत्येकावर पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण केली होती. ती खूण मी ओळखते, बाईंचीच. तरी मी पुन्हा सगळी तपासली.
काटा आणि दुपटे दवाखान्यातच राहतील. वजाबाकी कोणी एकीने करावी, आणि कोणी करायची ते भिंतीवर लिहून लावावे.

कलम ५. किरकोळ वस्तू.
घोडा बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, आहे तिथेच राहावा. त्याचा डावा कान मुलांनी चावून संपवला आहे. नवऱ्याची हत्यारे धाकट्या डॉक्टरीणबाईंना देत आहे, त्यांनी नवा कान करून घ्यावा. तोही चावू द्यावा.
पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत छत्तीस वर्षांत दवाखान्यात सुटलेले मोजे आहेत. सगळे एकेकटे. जोडी एकाचीही नाही. ज्यांचे असतील त्यांनी येऊन न्यावेत. पाय मावणार नाहीत, पण बघून घ्यावेत की एवढे होते.
वाण्याला काहीही ठेवलेले नाही. त्याचे तो घेतोच.

कलम ६. माझ्या जागी येणाऱ्या बाईसाठी.
बाळाला तबकात ठेवण्याआधी आपले हात चोळून गरम करावेत. बाळाच्या बापाला बाहेर उभे राहू देऊ नये. "मला काय कळतंय त्यातलं" म्हणाला तर आत आणून त्याच्याच हातात बाळ द्यावे, कळू लागते. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्या आजीला घोड्याजवळ बसवावे. आणि वजन लिहून झाले की आईला विचारावे, "तू जेवलीस का?" हा प्रश्न कार्डावर छापलेला नाही. तो मी माझ्या मनाने घातला आहे. काही जणी त्यावर रडतात. रडू द्यावे, मग पाणी द्यावे, मग पुढचा नंबर.

कलम ७. मोठ्या डॉक्टरीणबाईंविषयी.
बाई, तुम्हाला या मृत्युपत्रात मी एक चमचासुद्धा ठेवलेला नाही. रागाने नव्हे. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. मला तुमची सही हवी होती. कारण साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही म्हणतात, पण तुम्ही खोकल्याच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचता. म्हणजे इथवर आलाच असाल.
तर ऐका. तुम्ही मला सांगितले होते. नवा काटा आला त्याच दिवशी, दुपारी, हात धुता धुता. "मावशी, वजाबाकी मी करीन, तुम्ही फक्त आकडा वाचा." मी नीट ऐकले. मान हलवली. आणि तरीही वजा केले, कारण मला वाटले, यांच्या काही लक्षात राहायचे नाही. वाण्यासमोर मी खोटे बोलले, आणि मग ते खोटे इतके दिवस सांभाळले की ते आपलेच मूल वाटू लागले. चूक माझी होती. तुमची नव्हती.
जागा आता जिमला जात नाही. धाकट्या बाईंना तुम्ही हव्या आहात. मी असेन किंवा नसेन, तुम्ही आठवड्यातून तीन दिवस तरी बसावे. ही अट नाही. अट घालायचा हक्क मी त्याच दुपारी घालवला. ही विनंती आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्ही कलम सातमध्ये, दोन्ही माझ्याच.

सही: काटामावशी (कायद्याला लागते ते पूर्ण नाव सहीखाली स्वच्छ अक्षरात लिहिले आहे)
ठिकाण: दवाखान्याची बाहेरची खोली, घोड्याशेजारी
वार: रविवार, तारीख चौदा, दवाखाना बंद

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा वाणी. मावशींनी माझ्यासमोर सही केली. चष्मा दुकानात राहिल्यामुळे मजकूर वाचलेला नाही. वाण्याला काय ठेवले आहे असे विचारले असता मावशी हसल्या.

साक्षीदार दुसरी: मोठी डॉक्टरीण. मी यांना आज तपासले. शुद्धीवर आहेत, बुद्धी तल्लख आहे, स्मरणशक्ती खरोखरच त्रासदायक आहे. वजन एकावन्न किलो चारशे, दुपट्याशिवाय. मजकूर शेवटपर्यंत वाचला. वजाबाकीचे मी यांना सांगितले होते की नुसते सांगायचे ठरवले होते, हे मला भांडणाच्या दिवशीही आठवत नव्हते. सांगायचे राहूनच गेले असणार, अशी धास्ती वाटली, म्हणून तेव्हा आवाज चढवला, आणि ती धास्ती एकोणीस वर्षे बाळगून होते. तीन दिवस जमणार नाही. सहा दिवस बसेन.
मावशी, गुरुवारी हॉस्पिटलात मी तुमच्याबरोबर येते आहे. आत्ता इथे एकही बाळ नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.