बेल वाजली की लागणारा दिवा

ल्युब्ल्याना,
५ ऑक्टोबर १९८६

ती. बाबांना देसाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तुम्ही दिलेल्या भाजक्या मिरच्यांच्या आयवारच्या बरण्या पोचल्या. एकीचं झाकण गाडीत सैल झालं आणि माझ्या स्वेटरला अजून वास येतोय. एक्सचेंजमधल्या मुली म्हणतात, की देसा शेजारून गेली की भूक लागते.

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये घरी आले तेव्हा पुढच्या दाराची बेल मी किती वेळ दाबत उभी होते, ते तुम्हाला ठाऊकच नाही. शेवटी मागून स्वयंपाकघरातून आत शिरले, तर तुम्ही बेलच्या खालीच पेपर वाचत बसलेले. वर म्हणालात, बेल बिघडलीय. मी नंतर शेजारच्या स्तोयनाकाकूंना दाबायला लावून पाहिली. बेल ठणठणीत आहे. बाबा, जन्मभर लेथच्या घरघरीत उभं राहिल्यावर कान थकणारच, त्यात लाजायचं काय? फोनवर मी तब्येत विचारते आणि तुम्ही हवामान सांगता. म्हणून तर दिवसभर लोकांचे फोन जोडून देणारी तुमची मुलगी स्वतःच्या घरी पत्रं लिहिते.

तर मी तुमच्यासाठी एक दिवा करतेय. बेल दाबली की तो लागेल आणि थोडा वेळ लागून राहील. आमच्या रेडिओ क्लबात संध्याकाळी असलेच उद्योग चालतात. मित्रोव्दानच्या सणाच्या आत तो तुमच्याकडे पोचेल. यंदा घरच्या संताचा स्लावा करणार नाही असं निघताना तुम्ही पुटपुटलात, ते मी ऐकलंच नाही असं समजते, माझे कान चांगले असूनही.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
देसा


लेस्कोवाट्स,
१२ ऑक्टोबर १९८६

चि. देसास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या कानांना काही धाड भरलेली नाही. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात आणि दोष म्हाताऱ्यांना देतात.

स्लावाचं मी पुटपुटलो नव्हतो, चांगलं स्पष्ट बोललो होतो. गेल्या वर्षी तुझी आई गेल्यानंतरचा पहिला मित्रोव्दान. मी स्वतः गहू शिजवून गोड केला, मोठा पाव बेकरीतून आणला, मेणबत्ती लावली, राकियाच्या बाटल्या मांडल्या. आपल्यात घरच्या संताच्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो आपणहून येतो. मी कोट घालून दिवसभर बसून राहिलो. आली कोण, तर स्तोयना, तीही मागच्या दाराने. बाकी चिटपाखरू फिरकलं नाही. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, तुझं नाव ठेवणारा आपला कुम विदोये, तोसुद्धा नाही. तेव्हापासून मी त्याच्या दुकानावरून जाताना मान वळवतो.

त्या दिवशी कळलं, की इतकी वर्षं लोक यायचे ते तुझ्या आईच्या, माझ्या मिलुन्काच्या हातच्या, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारमासाठी आणि तिच्या हसण्यासाठी. माझ्यासाठी कुणीच येत नव्हतं. फार वाईट वाटलं गं. पुन्हा तसं बसून राहणं माझ्याच्याने होणार नाही. यंदा मेणबत्ती लावीन, प्रार्थना म्हणेन आणि लवकर झोपून जाईन. दिवा पाठवायचा तर पाठव, तुझ्या हौसेच्या आड मी येत नाही. स्वेटर व्हिनेगरच्या पाण्यात भिजव.

खुशाली कळवत जा.

तुझा,
बाबा


ल्युब्ल्याना,
२१ ऑक्टोबर १९८६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. पण एक विचारू का? गेल्या वर्षी बेल वाजलीच नाही, हे तुम्हाला कसं कळलं? उत्तर नका देऊ, नुसता विचार करा.

दिवा बसच्या ड्रायव्हरकडे दिलाय. गुरुवारी स्टँडवर जाऊन घ्या आणि त्याला कॉफी पाजा. आत एक डबी आहे, ती बेलशेजारी लावायची. आणि दिवा, त्याला लांब वायर. डबीच्या आणि दिव्याच्या वायरींच्या टोकांना नखाएवढी पांढरी कनेक्टरं आहेत, एक पिनांचं, एक भोकांचं. एकमेकांत दाबली की खटका बसतो, तो बोटाला कळतो. उलटी लागतच नाहीत, त्यामुळे चूक व्हायची भीती नाही. दिवा घरामागच्या शेडमध्ये न्यायचा झाला तर तिथे दुसरी वायर टाकून देईन, म्हणजे नुसता काढायचा आणि लावायचा.

खरं सांगू, दिवा दोन संध्याकाळींत झाला, पण ह्या चिमुकल्या जोडणीने मला रडकुंडीला आणलं. इथे मिळतात ती वॉशिंग मशीनला लागतील अशी धटिंगण. भोकांचं कनेक्टर क्लबातल्या एकाने दिलं. पिनांच्या कनेक्टरसाठी थेट सीमेपलीकडे इटलीत, त्रिएस्तेला गेले. बसमधल्या सगळ्या बायका जीन्स आणि कॉफीने पिशव्या फुगवत होत्या आणि मी एका दुकानात ट्रेमध्ये बोट घालून बसले होते. परतताना नाक्यावरच्या कस्टमवाल्याने पुडी उघडून विचारलं, की बाई, हे दात कुणाचे?

काळजी घ्या, आणि माझ्यावरचा लोभ रागात वाहून जाऊ देऊ नका.

तुमची,
देसा


लेस्कोवाट्स,
२६ ऑक्टोबर १९८६

चि. देसास अनेक आशीर्वाद.

ड्रायव्हरला कॉफी पाजली, त्याने दोन प्यायल्या. दिवा सुरेख झालाय, डबीसुद्धा. पण बाई, तुझे ते दात एकमेकांत बसत नाहीत. मी व्हर्नियर काढून मोजलं. एकाच्या पिनांमधलं अंतर अडीच मिलिमीटर, दुसऱ्याची भोकं दोनावर. जोडून न बघताच पुडीत घातलंस ना? लेथवर अर्धा मिलिमीटर चुकलो असतो तर फोरमनने मला कारखान्याच्या फाटकाबाहेर पोचवलं असतं. जरा जोर लावून पाहिला, तर एक पिन वाकली. ती माझी चूक, बाकी सगळी तुझी.

म्हटलं, आणू दुसरी. सायकलवर सगळं गाव पालथं घातलं. विजेच्या सामानाच्या दुकानात पोरगी म्हणाली, की आजोबा, असलं काही नसतंच. मग जुन्या बाजारात गेलो. तिथे नळाच्या तोट्यांपासून अर्ध्या अकॉर्डियनपर्यंत सगळं होतं, हे नव्हतं. शेवटी एका विक्रेत्याने कानाशी ओरडून सांगितलं, की रेडिओ दुरुस्त करणाऱ्या विदोयेकडे जा, त्याच्याकडे नक्की असेल.

त्याच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही. मी सरळ वायरींना पीळ देऊन टेप गुंडाळतो.

तुझा,
बाबा


ल्युब्ल्याना,
३० ऑक्टोबर १९८६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. माझी चूक शंभर टक्के कबूल. क्लबात सांगितलं तर सगळे पोट धरून हसले.

पण पीळ देऊ नका. चार वायरी आहेत, एकीच्या जागी दुसरी गेली तर डबी जळेल आणि नवी करायला आता वेळ नाही. मित्रोव्दानला शनिवारी माझी ड्युटी आहे, मीही येऊ शकत नाही. बाबा, विदोयेकाकांकडे जा. गेल्या वर्षीचं काही काढू नका, नुसती जोडणी मागा. गिऱ्हाईक म्हणून जा, हवं तर मान वळवून उभे राहा. माझ्यासाठी एवढं करा.

तुमची,
देसा


लेस्कोवाट्स,
३ नोव्हेंबर १९८६

चि. देसास पोटभर आशीर्वाद.

गेलो. विदोयेने मान वर न करताच सांगितलं, की दुकान बंद आहे. दार सताड उघडं, आत एक बाई केस वाळवायचं यंत्र घेऊन उभी. मी पिशवीतून डबी आणि दिवा काढून तुझी दोन्ही कनेक्टरं काउंटरवर ठेवली. तो बघून म्हणाला, की कुठल्या दिवट्याने ही जोडी जमवली? मी म्हटलं, जिचं नाव तू ठेवलंस तिने. मग विचारतो, की कशाला हवीत?

देसा, तिथे मला बोलावं लागलं. त्या बाईच्या देखत. म्हटलं, दारावरच्या बेलला दिवा जोडायचाय, मला बेल ऐकू येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

त्याने हातातली सिगारेट विझवली आणि विचारलं, की कधीपासून? म्हटलं, वर्ष झालं, दोन झाली असतील. तो स्टुलावर बसलाच. मग कळलं ते ऐक. गेल्या मित्रोव्दानला तो बायकोला घेऊन आला होता, हातात आलुबुखारची राकिया. बेल दाबली. खिडकीत उजेड, पडद्याआड माझी पाठ दिसतेय, पुन्हा दाबली, पाठ हलली नाही. त्याला वाटलं, मिलुन्का गेल्यावर मला माणसं नकोशी झालीत. न बोलावता यायचं, तेव्हा दार का उघडत नाही हे विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? म्हणून तो परतला. एवढ्यावर थांबला नाही. गल्लीतली माणसं येत होती, त्यांना फाटकाशी उभं राहून सांगत होता, की त्याला त्रास देऊ नका, एकटं राहू द्या. त्या शहाण्याने माझे सगळे पाहुणे परत पाठवले, आणि तेही माझ्या मायेपोटी.

मग मला ऐकू जावं म्हणून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने मला शिव्या दिल्या. गाढवा, बहिरा झालास तर सांगता येत नव्हतं का, वर्षभर मी तुझ्या नावाने जळत होतो. मीही तेवढ्याच दिल्या. ती बाई यंत्र तिथेच टाकून गेली.

जोडणी त्याने एका मेलेल्या जपानी टेपरेकॉर्डरच्या पोटातून काढली. दोन्ही अर्धी एकमेकांत बसलेलीच, वायरींसकट. लगेच कथिलाचा डाग देऊन डबीच्या आणि दिव्याच्या वायरींना जोडून दिली. घरी येऊन लावली, खटका बोटाला कळला. स्तोयनाला बेल दाबायला लावलं आणि दिवा लागला. गहू निवडायला घेतलेत.

तुझा,
बाबा


लेस्कोवाट्स,
९ नोव्हेंबर १९८६

चि. देसास अनेक आशीर्वाद.

काल सकाळपासून कोट घालून दिव्यासमोर बसलो. खरं सांगतो, भीती वाटत होती. आता कानांची सबब उरली नव्हती. दिवा लागला नाही तर कुणी आलंच नाही, हे नक्की ठरणार होतं.

दुपारी दिवा लागला. मी उठलो नाही. बघतच बसलो, तो विझेपर्यंत. मग पुन्हा लागला. तरी उठवेना. देसा, वर्षभर मनात जे साचलं होतं, ते त्या उजेडात हळूहळू उतरत होतं. इतक्यात खिडकीच्या काचेवर धपाधप बुक्के. बाहेर विदोये, लालबुंद, बायको मागून त्याचा कोट ओढतेय. दार उघडलं तर ओरडला, की यंदाही हीच तऱ्हा, तुझ्या पोरीचं यंत्र बिघडलंय की तू? मी म्हटलं, यंत्र चालतंय, मी बघत होतो. मग तो बाहेर गेला आणि नुसतीच बेल दाबली, मला दिवा पुन्हा बघता यावा म्हणून.

त्याच्यामागून गल्ली आली. त्याने घरोघर जाऊन सांगितलं होतं. दार संध्याकाळपर्यंत उघडंच होतं, पण प्रत्येकाने आत येण्याआधी बेल दाबली. म्हातारी स्तोयनासुद्धा पहिल्यांदा पुढून आली. सारमा मी केला होता, खारट झाला, तरी पातेलं रिकामं झालं. तुझी आई असती तर एप्रन तोंडाला लावून मला हसली असती.

पुढच्या आठवड्यात विदोये मला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. म्हणतो, की शिव्या एवढ्या मोठ्याने देऊन त्याचा घसा बसलाय.

तुला लांबून जवळ घेतो. आहेस तशीच राहा.

तुझा,
बाबा

ता. क. नव्या वर्षाला येशील तेव्हा मागच्या दाराने शिरू नकोस. पुढून ये, बेल दाब आणि थोडी थांब. मी बघत असेन.